न्यान वहिनीने घासलेलं पोवळं

आमच्या न्यान वहिनीच्या घरात धूळसुद्धा पाय पुसून येते. गल्लीतल्या बायका तिच्या दारासमोरून जाताना आवाज खाली घेतात, न जाणो, शब्दांचे डाग पडायचे. माझं घर तिच्या घराला लागूनच, मधली भिंत एक. पुढे माझं मासे-शेवयांच्या रश्श्याचं दुकान. माझ्या दुकानाबद्दल तिचं मत आमच्या सगळ्या वान-ज्या बंदराला ठाऊक आहे, कारण ते तिने कधी लपवून ठेवलेलं नाही.

"वन्सं, तुमच्या त्या पेटीतून एक दिवस मगर निघेल," ती म्हणायची.

पेटी म्हणजे माझ्या जिवंत माशांच्या टाकीखालचा गाळणीचा डबा. माझ्या नवऱ्याने किनाऱ्यावरचे मेलेल्या पोवळ्याचे तुकडे वेचून तो भरला होता. टाकीतलं पाणी त्या तुकड्यांतून झिरपत जातं आणि पंपाने परत वर येतं. तुकडे आता तपकिरी झालेत, बोट लावलं तर बुळबुळीत लागतात, आणि त्यांना भर पावसातल्या जंगलासारखा वास येतो. नवरा गेला तेव्हा मी दुकानातलं पुष्कळ काही बदललं, खुर्च्या बदलल्या, रश्श्यात टोमॅटो वाढवले. पेटीला मात्र हात लावला नाही. पाणी स्वच्छ राहतंय ना, मग झालं.

वहिनीचा नवरा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, दोआन. खाडीत त्याचे शेवंडांचे पिंजरे होते. त्या पिंजऱ्यांच्या गप्पा तो इतक्या मारायचा की गिऱ्हाइकांचा रस्सा थंड व्हायचा. मग वादळ आलं आणि पिंजरे गेले, आणि माझ्या दुकानात रस्सा गरम राहायला लागला. खरं सांगते, मला ते मुळीच आवडलं नाही. गप्प बसलेला दोआन बघणं म्हणजे बंद पडलेला पंप बघणं.

त्याची मुलगी थोआ समुद्रघोड्यांच्या पैदास केंद्रात कामाला होती. वर्षाअखेरीस केंद्राचे मालक खोय काका म्हणाले की आता एवढी माणसं ठेवणं परवडत नाही. ज्यांना जमेल त्यांनी घरी टाकी उभी करावी. समुद्रघोड्यांत पिल्लं नराच्या पोटातून येतात. घरच्या टाकीत नर व्यायला आणि केंद्र तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणानंतर उघडेपर्यंत पिल्लं जगली, तर पुढच्या जोड्या ते देतील आणि वाढवलेली पिल्लंही तेच घेतील. नाही जमलं तर थोआला सायगॉनजवळच्या बुटांच्या कारखान्यात जायचं होतं, तिच्या मावसबहिणीने तिथे तिची खाट धरून ठेवली होती. सणानंतर ती बस माझ्या दुकानासमोरूनच सुटते.

दुसऱ्या दिवशी दोआन धक्क्यावरच्या शेवंडांच्या हौदाचा जुना पंप खांद्यावर टाकून घरी आला.

"बाबा, हा कशाला?" थोआने विचारलं.

"पाणी पळायला पाहिजे. पळणारं पाणी ताजं पाणी. शेवंडं अशी धार मागतात की बघणाऱ्याचा तोल जावा."

"हे घोडे आहेत बाबा, शेवंडं नाहीत."

"घोडे म्हणजे तर पळायलाच पाहिजेत!"

त्याने पंप लावला. टाकी उंच काचेची होती, थोआने मुद्दाम उंच घेतलेली, कारण नर-मादी जोडीने शेपट्या गुंफून वरखाली नाचतात आणि त्यांना आडवी नाही, उभी जागा लागते. थोआने शिवणाच्या रिळातले लाल दोरे तोडून काठीला बांधले आणि टाकीत ठिकठिकाणी सोडले, पाणी कुठून कसं जातं ते दिसावं म्हणून. पंप सुरू होताच सगळे दोरे आडवे होऊन ताठ झाले, जणू वाऱ्यावरचे झेंडे. एक दोरा सुटून सरळ पंपाच्या तोंडात गेला.

"हा दोरा म्हणजे घोड्याची शेपटी," थोआ म्हणाली. "त्याच्या पाठीवर इवलासा एक पंखा असतो बाबा, तेवढ्यावर सगळा संसार. धार आली की तो लढत नाही. शेपटीने काहीतरी पकडून बसतो, आणि पकडायला काही मिळालं नाही की वाहत जातो."

"म्हणजे दादा, अगदी तुझ्यासारखा," मी दारातून म्हटलं.

वहिनी हसली नाही. ती मी आत आले त्या पावलांच्या खुणा पुसत होती.

दोआन चिडला, पण त्या चिडण्यात मला जुना पंप सुरू झाल्यासारखं वाटलं. "मग काय, पाणी साचू द्यायचं डबक्यासारखं?"

"नाही. साचलं तरी मरतील. हे भुकेले प्राणी, पोटात काही टिकत नाही, दिवसभर खातात आणि दिवसभर घाण करतात. म्हणजे गाळणी मोठी हवी, पाणी भरपूर फिरायला हवं, आणि फिरतंय हे घोड्याला कळता कामा नये."

हे ऐकून दोआन बराच वेळ टाकीकडे बघत बसला. नंतरचे कितीतरी दिवस त्याच्या अंगणातून तापलेल्या खिळ्याने प्लास्टिक जाळल्याचा वास येत होता. तो नळ्यांना भोकं पाडत होता. एकाच तोंडातून येणारी धार त्याने एका लांब नळीत घातली, नळीला ओळीने बारीक भोकं पाडली आणि भोकांची तोंडं मागच्या काचेकडे वळवली. पाणी काचेवर आपटायचं, तिथेच त्याचा माज उतरायचा, आणि मग ते पसरून सावकाश खाली यायचं. पहिल्या नळीची भोकं मोठी झाली, दुसरीची वाकडी. तिसरी बसली तेव्हा लाल दोरे नुसते एका बाजूला कलले, पाहुण्याला वाट देणाऱ्या सुनेसारखे.

"तो डाव्या कोपऱ्यातला हलत नाहीये," थोआ म्हणाली.

"दिसतंय मला."

"तिथे घाण साचेल."

"दिसतंय म्हटलं ना! बापाला शिकवतेय." त्याने नळीच्या टोकाला आणखी दोन भोकं पाडली, कोपऱ्याकडे तोंड करून. दोरा झोपेतून उठल्यासारखा हलला.

पंपाच्या तोंडावर थोआने जाड स्पंज बांधला, शेपटी ओढली जाऊ नये म्हणून. हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड दोआनने कौतुकाने आणला होता, तो तिने परत खिशात घालायला लावला. ते बारीक बुडबुडे घोड्यांच्या अंगात, विशेषतः नराच्या पोटपिशवीत अडकतात म्हणे. टाकीत प्लास्टिकचं गवत आणि दोरखंडाचे तुकडे लावले, पकडून बसायला. खाली निळ्या पिंपात गाळणी: वर स्पंजाचे थर, मध्ये पोवळ्याचे तुकडे. आणि मग थोआने त्यात मूठभर माशांचं खाद्य टाकलं आणि सांगितलं, आता थांबायचं. पाणी पिकू दे.

टाकीत पाणी होतं, दिवा होता, गवत होतं, घोडा नव्हता. गल्ली येऊन बघून जायची.

"काय पाळलंय दोआनने?"

"पाणी."

"काय खातं?"

दोआन सगळ्यांना दोरे दाखवायचा. "बघा, टाकी तासाभरात कितीदा गाळून निघते सांगा. नाही सांगता येणार! हलतंय असं वाटतच नाही." माझा रस्सा पुन्हा थंड व्हायला लागला होता.

वहिनीला मात्र पिंप पटत नव्हतं. थोआ तिला समजावत होती की पोवळ्याच्या खाचाखाचांत जिवाणू वस्ती करतात आणि घोड्यांच्या घाणीतलं विष खाऊन टाकतात, म्हणून पाणी पिकतं.

"म्हणजे घाणीने घाण जाते," वहिनी म्हणाली. "हे शिकवायला तुला पगार देत होते?"

पाणी पिकलं तशी जोडी आली. मादी सडपातळ, पिवळी. नर करडा, आणि आल्यापासून त्याचं पोट फुगायलाच लागलं. माझ्या दुकानात दाराशी फरशीवर ढेरपोट्या भूमिबाबा बसतो, दुकान राखणारा देव, मी त्याला रोज सकाळी काळी कॉफी ठेवते. थोआने नराला त्याचंच नाव ठेवलं. भूमिबाबा दोरखंडाला शेपटी गुंडाळून दिवसभर बसायचा आणि समोरून बारीक कोळंबी संथपणे गेली की टचकन ओढून घ्यायचा. जेवण त्याच्या तोंडासमोरून चालत जाईल इतपतच ते पाणी चालत होतं. दोआन खुर्ची टाकून समोर बसायचा. त्याच्या चेहऱ्यावरचा गर्व त्या पोटापेक्षा मोठा दिसत होता.

मग आला चूलदेव वर जाण्याचा दिवस. त्या दिवशी चुलीचा देव माशावर बसून आकाशात जातो आणि घराचा वर्षभराचा अहवाल देतो. तो जायच्या आत घर लख्ख करायचं. आम्ही सगळ्याच करतो, पण वहिनीच्या घरी चूलदेव पाय घसरूनच वर जात असेल. तिने देव्हाऱ्यातलं पितळ घासलं, पंख्याची पाती घासली, चपलांचे तळ घासले. थोआ केंद्रावर आवराआवरीला गेली होती, दोआन सणाच्या तांदळाच्या पानग्यांसाठी केळीची पानं आणायला. वहिनीने पिंपाचं झाकण उघडलं.

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त भिंतीपलीकडून ब्रशचा आवाज ऐकला आणि मनात म्हटलं, भांडी चाललीत.

त्यानंतर थोआचा चेहरा रोज थोडा थोडा उतरत गेला. ती परीक्षानळीत थेंब टाकायची आणि रंग बघायची. घाणीतलं विष, म्हणजे अमोनिया, वाढत होतं. साठवलेलं समुद्राचं पाणी घालून ती अर्धी टाकी बदलायची, दुसऱ्या दिवशी रंग पुन्हा गडद. दोआनने पंप उघडून बघितला, नळी बघितली, सगळे दोरे नीट कलत होते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी भूमिबाबाने कोळंबीकडे बघणं सोडलं. तो तळाशी उतरला, आणि त्याचं ते भरलेलं पोट जोरजोरात श्वास घ्यायला लागलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळी थोआने शेवटी पिंपाच्या तळापर्यंत हात घातला आणि एक तुकडा बाहेर काढला. भिंत एक आहे, म्हणून पुढचं मी शब्दन् शब्द ऐकलं.

"आई, हे पांढरे कसे?"

"मीच घासले! गरम पाण्याने. मग उन्हात वाळवले. काय ओंगळ झाले होते गं, बघवत नव्हतं. आता मोत्यासारखे दिसतात की नाही?"

वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात कुणी आवाज चढवायचा नसतो, चढवला तर वर्षभर चढलेलाच राहतो.

"न्यान," तो म्हणाला, प्रत्येक अक्षर चावून, "नव्या वर्षाच्या... शुभेच्छा."

"तुम्हालाही," वहिनी म्हणाली, आणि मग तिने थोआकडे बघितलं असावं. कारण तिचा तसा आवाज मी तिच्या लग्नापासून कधी ऐकला नव्हता. "काय झालं? काय केलं मी?"

थोआने सांगितलं. रडत नाही ती पोर, पण रडली असती तर बरं, इतक्या सपाट आवाजात सांगितलं. वस्ती मेली. नवी बसायला आठवडे लागतील. भूमिबाबाला दोन दिवस मिळाले तरी खूप. केंद्राला कुलूप आहे आणि खोय काका गावाला. "जुन्या, पिकलेल्या गाळणीतलं पोवळं मिळालं असतं तर जमलं असतं. कुणाची तरी वर्षानुवर्षं न धुतलेली गाळणी."

मी माझ्या पेटीकडे बघितलं.

मी माझ्या दारात नवा पोशाख घालून बसले होते. वर्षाचं पहिलं पाऊल घरात कुणाचं पडावं हे आम्ही आधी ठरवून ठेवतो, कारण त्या माणसासारखं वर्ष जातं. मी लुआला सांगून ठेवलं होतं. मासळी लिलावातली लुआ, हसरी, चार मुलगे, नशीब असं की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. लुआ यायची होती. आणि गल्लीत आली वहिनी.

ती उंबऱ्यापासून दोन हात लांब थांबली. तिचं जन्मवर्ष माझ्या जन्मवर्षाशी जुळत नाही, हे तिला माहीत आहे आणि तिने मला अनेकदा ऐकवलंही आहे. आणि पहिल्या दिवशी घरातून काही बाहेर द्यायचं नसतं, ना विस्तव, ना पाणी, ना केर. केरसुद्धा आम्ही आतल्या बाजूला झाडतो, नाहीतर वर्षाची बरकत त्याच्याबरोबर जाते. हेही तिला माहीत.

"नव्या वर्षाच्या शुभेच्छा, वन्सं."

"तुम्हालाही, वहिनी. आज अंगण घासायचं नाही वाटतं?"

तिने ते गिळलं. "दुकान छान दिसतंय तुमचं."

हे, बायकांनो, मी माझ्या कानांनी ऐकलं. माझ्या मनात कुणाचं काय देणंघेणं आहे याची एक वही कायम उघडी असते, आणि त्यात वहिनीच्या नावावर कितीतरी पानं होती. वाटलं, थोडं ताणावं. एवढी वर्षं वाट बघितली, घोटभर चहाइतकं तरी ताणावं.

"काही हवं होतं का?"

"तुमची..." ती म्हणाली. तिचे ते नेहमी ओले, घासून घासून लाल झालेले हात तिने एकमेकांत धरले होते. "तुमची ती पेटी."

"कुठली पेटी?"

"वन्सं, तुम्हाला माहितीये कुठली."

"मगर असलेली?"

"पोर जाईल हो. तिने बॅग भरायला घेतली आहे. हसत हसत भरतेय, आज रडायचं नसतं म्हणून."

वही मिटली. कशी मिटली ते मला कळलं नाही.

गल्लीच्या टोकाला लुआ दिसली, लाल पोशाख, हातात संत्री, माझं सगळं वर्ष चालत येत होतं. मी उठले आणि वहिनीचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत ओढलं.

"अहो वन्सं, माझं पाऊल! तुमचं वर्ष..."

"माझं वर्ष मी बघेन. तुम्ही पेटीचं दुसरं टोक धरा."

अर्धे तुकडे काढले, अर्धे माझ्या माशांसाठी ठेवले. टोपलीत ओलं फडकं घालून त्यात ते भरले, कारण वस्ती सुकता कामा नये. वहिनीने ते तपकिरी, बुळबुळीत तुकडे आपल्या हातांनी उचलले, एक एक, अंड्यासारखे. मला वाटतं आयुष्यात तिने इतक्या हळुवारपणे कशाला हात लावला नसेल. मग आम्ही मुलांना पैसे घालून देतो ते लाल पाकीट मी एका तुकड्यावर ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, माझ्या दारातल्या भूमिबाबाला ऐकू जाईल असं, "हा केर नाही. ही भाच्याला नव्या वर्षाची ओवाळणी आहे."

"भाचा कुठला?" लुआने दारातून विचारलं.

"गरोदर आहे तो," मी म्हटलं. "नंतर सांगते."

थोआने टोपली बघितली आणि एक तुकडा उचलून नाकाशी धरला. "आत्या, तुझ्या टाकीत कधी औषध घातलं होतंस? कुठला रोग?"

"माझे मासे संध्याकाळपर्यंत रश्श्यात जातात. आजारी पडायला त्यांना वेळ कुठे?"

तिने पांढरे मोती बाहेर काढले आणि माझ्या नवऱ्याने वेचलेलं पोवळं पिंपात मांडलं. दोआनने पाणी बदललं आणि पंप सुरू केला. पाणी माझ्या घाणीतून झिरपलं, नळीतून चढलं, काचेवर आपटलं, सावकाश उतरलं. दोरे कलले. आम्ही चौघं समोर बसलो, पानग्या खात, आवाज न चढवता.

संध्याकाळच्या थेंबाचा रंग सकाळच्यापेक्षा गडद नव्हता. दुसऱ्या दिवशीचा फिका होता. तिसऱ्या दिवशी भूमिबाबा तळ सोडून वर आला, दोरखंडाला शेपटी गुंडाळली, आणि समोरून जाणारी कोळंबी टचकन ओढली. दोआनने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला अजून ती जागा दाखवता येईल.

भूमिबाबा व्यायला एका पहाटे. पुढे वाकायचा, मागे ताणायचा, आणि पोटपिशवीतून पिल्लांचा ढग सुटायचा. पिल्लं म्हणजे पापणीच्या केसाएवढे घोडे. दोआनने त्यांच्यासाठी वेगळा गोल हौद आधीच करून ठेवला होता, त्यात पाणी इतकं हळू फिरतं की ते फिरतंय हे फक्त पिल्लांवरून कळतं. काही गेली, पहिल्याच दिवशी जातातच. उरली त्यांनी हौद भरून गेला.

केंद्र उघडलं आणि खोय काका आले. पिल्लांकडे बघायच्या आधी त्यांनी दोऱ्यांकडे बघितलं. बराच वेळ. "ही नळी कुणी केली?"

"कुठली? ही होय," दोआन म्हणाला, जणू त्याला आत्ताच दिसली.

मग काकांनी पिंपाचं झाकण उघडलं, वास घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "अशी पिकलेली गाळणी आमच्याकडेही नाही. कुठून आणली?"

"घरची आहे," वहिनी म्हणाली. "आमच्या वन्संच्या घरची, पूर्वापार. हात नका लावू हं! मी कुणालाच लावू देत नाही."

तिच्या आवाजात असा ताठा होता की जणू ती घाण तिने स्वतः नवसाने मिळवली होती. मी ते वहीत लिहून घेतलं, एवढंच.

बस सुटायच्या दिवशी ती माझ्या दुकानासमोर उभी होती, भोंगा वाजवत. ड्रायव्हर रस्सा घ्यायला खाली उतरला. माझं दुकान सकाळपासून भरलेलं होतं. सण झाल्यापासून असंच चाललं आहे, आणि वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की या वर्षीचं पहिलं पाऊल तिचं होतं.

"ती दोआनची मुलगी यायची होती ना?" ड्रायव्हरने विचारलं. "थोआ. सीट ठेवलीय तिची."

समोरून थोआ समुद्राच्या पाण्याचे दोन डबे घेऊन येत होती, गुडघ्यापर्यंत ओली, आणि मागून दोआन ओरडत होता की हळू, हिंदकळू देऊ नकोस, बुडबुडे होतील.

"सीट दुसऱ्याला द्या," मी म्हटलं. "तिला सवड नाही. घरात बाप बाळंत झालाय."